गुणसूत्रांची टोके आणि स्तनाचा कर्करोग

शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी अमर असतात, असे अलेक्सी कॅरेल यांच्या प्रयोगांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानले जाई. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी दाखवले, की सामान्य मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात. कर्करोगाच्या पेशी मात्र थांबत नाहीत. असे का?

उत्तर गुणसूत्रांच्या टोकांशी होते. हर्मन म्युलर यांनी १९३८ साली या टोकांना ‘टेलोमियर’ हे नाव दिले. डीएनएची नक्कल अगदी टोकापर्यंत होत नाही, त्यामुळे दर विभाजनात टोक थोडे झिजते आणि झीज फार झाली की पेशी थांबते, अशी कल्पना अलेक्सी ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये मांडली. झिजलेले टोक पुन्हा बांधणारे ‘टेलोमरेज’ हे विकर कॅरॉल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४ साली सापडले, तेही टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जिवात!

आपल्या बहुतेक प्रौढ पेशींत हे विकर जवळजवळ बंद असते. १९९४ मध्ये तपासलेल्या १०१ अर्बुदांपैकी ९० मध्ये मात्र ते आढळले. १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १४० नमुन्यांपैकी १३० मध्ये ते होते. कोडे सुटले असे वाटावे, असेच हे आकडे होते.

पण उरलेल्यांचे काय? काही नमुन्यांत विकर चाचणीच्या नजरेतून निसटले असेल. पण एवढेच कारण नव्हते. १९९५ साली सिडनीतील रॉजर रेडेल यांच्या गटाने दाखवले, की काही अमर पेशी टेलोमरेजशिवायही टोके राखतात. त्या एका टेलोमियरचा साचा वापरून दुसरे लांबवतात. पुढे ही पर्यायी वाट स्तनाच्या थोड्या अर्बुदांतही आढळली.

हा फरक उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टेलोमरेज रोखणारे इमेटेलस्टॅट हे औषध अमेरिकेत २०२४ साली मान्य झाले, पण ते अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी. स्तनाच्या कर्करोगासाठी नव्हे. ज्या अर्बुदाची वाटच वेगळी, तिथे असे औषध निरुपयोगी ठरू शकते.

म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवू, की १४० पैकी १३० हा आकडा फळ्यावर लिहाल तेव्हा उरलेल्या १० विषयीही मुलांना विचारा.