मानस कोणी उघडायची?

भात आणि मासळी एकाच शेतात घ्या, असं आज नवी योजना म्हणून सांगितलं जातं. गोव्यातल्या खाजण जमिनींत हे शतकानुशतकं चालत आलंय.

खाजण म्हणजे मांडवी-जुवारीच्या खाड्यांलगतची सखल जमीन. भरतीचं खारं पाणी अडवायला चिखलमातीचा बांध, आणि बांधात लाकडी झडपांचं दार. त्याला म्हणतात मानस. भरतीच्या दाबानं झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाचं पाणी मातीतला खार धुऊन नेतं आणि खार सोसणारं कोरगुट भात पिकतं. कापणीनंतर खाडीचं पाणी आत घेतात, त्याबरोबर कोळंबी येते. धसकटं कुजून तिला खाद्य मिळतं. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ती धरतात.

आता अडचण बघा. भाताला खार नको, कोळंबीला हवा, आणि दार एकच! ते कधी उघडायचं, हे गावकरी ठरवायची. पोर्तुगिजांनी 1526 च्या फोरालमध्ये नोंदवली ती हीच ग्रामसंस्था. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि त्या उत्पन्नाचा आधार बांधदुरुस्तीला असायचा. थोडक्यात, मासळी भाताचं रक्षण करत होती.

पण म्हणून तो काळ सोन्याचा होता असं समजू नका. गावकार ठरावीक घराण्यांतले पुरुष. चिखलात राबणाऱ्या कुळांना तिथं आवाज नव्हता. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कुळांना जमिनीचा हक्क दिला. तो न्यायच होता. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. त्यांतल्या बऱ्याच दुबळ्या राहिल्या. इकडे कोळंबीचा भाव वाढला. मानशीचा ठेका घेणाऱ्याला दार अवेळी उघडण्यात फायदा दिसू लागला. कुठे बांध फुटले, कुठे फोडले गेल्याच्या तक्रारी झाल्या. खारं पाणी शेतात आणि विहिरींत शिरलं, जमिनी पडीक झाल्या. लावणी-कापणीवर जगणाऱ्या बायांचं काम गेलं. पडीक शेतात खारफुटी वाढली की तिला कायद्याचं संरक्षण मिळतं. मग तिथं पुन्हा भात लावणं अवघड.

जमिनीची वाटणी करता येते, बांधाची येत नाही. एका ठिकाणी भगदाड पडलं तर सगळ्यांचं शेत जातं. तेव्हा भात-मासळीची नवी योजना पुढे आली की उत्पन्नाच्या आकड्यांआधी दोन गोष्टी विचारा: मानस कोण उघडणार, आणि बांधाचा खर्च कोण करणार? आणि हे ठरवताना शेतात राबणाऱ्या बाईला मत असेल का, हेही विचारा. ते जुन्या गावकरीनंही कधी विचारलं नव्हतं.