पत्रास कारण की…

मुंबईच्या गिरणीत कामाला असलेल्या मुलाचे पत्र गावी येई. आईला वाचता येत नसे. मग शाळामास्तर नाहीतर पोस्टमन ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचून दाखवी आणि चार शेजारीही ऐकायला जमत. ‘दुखण्याची काळजी करू नये’ हे वाक्य आले, की नवख्या पाहुण्यालाही कळे, आईने आधी काही दुखणे कळवलेले दिसते. जुनी पत्रे वाचताना इतिहासाचा अभ्यासक या पाहुण्यासारखाच असतो. त्याच्या हाती फक्त उत्तर असते. प्रश्न त्याला ताडावा लागतो.

आज अशाच एका पत्राविषयी बोलायचे आहे. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव ‘थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र’ असे आहे. लिहिणारा पौल, सोबत सिल्वान आणि तीमथ्य यांचीही नावे आहेत. आपण पत्राच्या शेवटी सही करतो, ग्रीक रिवाजात लिहिणाऱ्याचे नाव आधी येई. पत्र लहान आहे, सुमारे दीड हजार ग्रीक शब्दांचे. पण बहुतेक अभ्यासकांच्या मते आज उपलब्ध असलेल्या ख्रिस्ती लेखनात हेच सर्वांत जुने. येशूचे चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमाने यानंतरची.

पत्रावर तारीख नाही. मग काळ कसा ठरवला? पौलाने ते करिंथहून लिहिले असावे. करिंथमध्ये त्याला गल्लियो नावाच्या रोमन सुभेदारापुढे उभे केले होते, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. ग्रीसमधल्या डेल्फी येथे सम्राट क्लॉडियसचा एक शिलालेख तुकड्यातुकड्यांनी सापडला. त्यात याच गल्लियोचा उल्लेख आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द इसवी सन ५१-५२ च्या आसपास येते. त्याच्या जरा मागे गेले, की पत्राचे वर्ष ५० किंवा ५१ निघते.

थेस्सलनीका म्हणजे आजचे ग्रीसमधले थेस्सालोनिकी. ख्रिस्तपूर्व ३१५ च्या सुमारास कॅसँडर राजाने ते वसवले आणि बायकोचे नाव त्याला दिले. ही बाई अलेक्झांडरची सावत्र बहीण. पौलाच्या काळी ते रोमच्या मॅसिडोनिया प्रांताची राजधानी होते. बंदर होते, आणि व्हिया एग्नाटिया हा मोठा राजरस्ताही इथूनच जाई.

‘कृत्ये’ वाचले तर वाटते, पौल इथे तीनच आठवडे राहिला, दंगा झाला आणि त्याला रातोरात निघावे लागले. पत्र मात्र वेगळे सुचवते. कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट केले, याची तो आठवण देतो. तुम्हीही आपल्या हातांनी काम करा, असे सांगतो. शिवाय तो इथे असताना फिलिप्पै गावाहून त्याला एकाहून अधिक वेळा मदत पोचली होती, हे त्याच्याच दुसऱ्या एका पत्रात आहे. तीन आठवड्यांत एवढे सगळे बसत नाही. अशा वेळी मी पत्राच्या बाजूने कौल देतो, कारण ‘कृत्ये’ कित्येक वर्षांनी लिहिलेले आहे.

पत्रही आपल्यापर्यंत नकलांतूनच आले. त्या काळी शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत. मोडीचे कागद पाहिलेल्यांना हा त्रास ठाऊक आहे. एका ठिकाणी पौल म्हणतो, आम्ही तुमच्यात ‘सौम्य’ होतो. काही जुन्या प्रतींत मात्र ‘तान्ही बाळे’ होतो, असे आहे. ग्रीकमध्ये एपिओई आणि नेपिओई, फरक एका ‘न’चा. आधीचा शब्द नेमका ‘न’नेच संपतो. तेव्हा नक्कल करणाऱ्याने एक ‘न’ गाळला की एक वाढवला, यावर विद्वान आजही भांडतात.

पण या पत्राचे खरे कारण चौथ्या अध्यायात आहे. दंग्यानंतर पौलाला परत जाता येईना. त्याने अथेन्सहून तीमथ्याला पाठवले. तीमथ्य परतला तो चांगली बातमी घेऊन. पण सोबत एक प्रश्नही आणला असावा. येशू लवकरच परत येणार, अशी या मंडळींची खात्री होती. पौलाचीही होती, त्या क्षणी जिवंत असणाऱ्यांत तो स्वतःला धरतो. आणि मधल्या काही महिन्यांत मंडळीतली काही माणसे मेली. मग त्यांचे काय? ती मागेच राहिली काय?

पौल उत्तर देतो, मेलेले मागे राहणार नाहीत, उलट तेच आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला भेटायला जाऊ. या ‘भेटी’साठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द राजा किंवा मोठा अधिकारी शहरात येताना लोक वेशीबाहेर सामोरे जात, त्या स्वागतासाठीही वापरला जाई. रोमन काळात थडगी शहराबाहेर, रस्त्याच्या कडेला असत. येणाऱ्याला आधी तीच लागत. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तोच रस्ता उभा राहिला असेल, असे मला वाटते. पत्रात तसे लिहिलेले नाही.

शेवटी पौल शपथ घालतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. ज्या घरात ते वाचले गेले तिथे नुकतेच कोणाचे तरी माणूस गेलेले होते. कोणाचे, ते कळत नाही. पत्रात थेस्सलनीकेतल्या एकाही माणसाचे नाव नाही, जिवंताचेही नाही.