किब्ल्याच्या भिंतीवर काय असावे?

नगरच्या भुईकोट किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. निजामशाहीतला सरदार साहिर खान याने ती १५६७ साली बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी दिली, त्यातून ती उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. आठवीच्या मुलांना मी तिथे नेले तेव्हा दर्शनी भागावरचे दगडातले कोरीवकाम पाहत ती कितीतरी वेळ हललीच नाहीत. एकाने विचारले, "सर, एवढी नक्षी समोर असल्यावर नमाजमध्ये लक्ष लागतं का?"

प्रश्न फार जुना आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वेलबुट्टीची चादर पांघरून नमाज अदा केली. नजर बुट्ट्यांवर गेली. नमाज झाल्यावर त्यांनी ती चादर अबू जहम यांच्याकडे परत पाठवली आणि त्यांची साधी चादर मागवून घेतली. घरातला चित्रांचा पडदाही त्यांनी काढायला लावला, कारण नमाजमध्ये ती चित्रे सारखी समोर येत होती. हजरत उमर (रजि.) यांनी मशिदीचे बांधकाम करून घेताना बजावले होते की लोकांचा पावसापासून बचाव करा, पण लाल-पिवळे रंग देऊ नका.

पुढे हनफी फकीहांनी यात जो बारकावा आणला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी नक्षीला सरसकट मनाई केली नाही. किब्ल्याच्या भिंतीवर आणि मिहराबवर ती मकरूह मानली. छतावर किंवा पाठीमागच्या भिंतीवर तेवढी अडचण मानली नाही. म्हणजे प्रश्न सौंदर्याचा नव्हता, जागेचा होता. मुलाला मी हेच दाखवले. ज्या नक्षीपुढे आपण थांबलो होतो, ती आत जाऊन पश्चिमेकडे तोंड केले की पाठीशी जाते.

१९७४ साली अमेरिकेत बार्बरा एरिक्सन आणि चार्ल्स एरिक्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर ठरलेल्या जागी एक अक्षर दिसणार. काही अक्षरांना कळ एका बाजूला दाबायची, काहींना दुसऱ्या. आजूबाजूच्या अक्षरांकडे दुर्लक्ष करा, असे आधीच सांगितलेले. तरी शेजारची अक्षरे उलट उत्तराची असली की हात उशिरा हलायचा. उशीर सेकंदाच्या काही शतांशांचाच, पण तो होतच राहिला. शेजारी दूर सरकवले की कमी व्हायचा. हात लांब केल्यावर करंगळीची जेवढी रुंदी दिसते, साधारण तेवढ्या अंतराच्या आतला हा खेळ.

मी वर्गात फळ्यावर तोच खेळ केला. मधले अक्षर 'म' असेल तर उजवा हात, 'भ' असेल तर डावा. 'मममभममम' लिहिले आणि निम्म्या वर्गाचे उजवे हात वर! एवढा हशा त्या तासाला कधी झाला नव्हता.

या प्रयोगाने हदीस 'सिद्ध' झाली असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे ती घाई फार आहे. प्रयोग बोटांच्या वेगाचा होता, नमाजचा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट नीट कळते. नुसते काहीतरी शेजारी असणे पुरेसे नाही. ते आपल्याकडून वेगळे उत्तर मागत असेल तर जास्त अडवते. दगडातले पान काही मागत नाही. आकडे आणि अक्षरे मात्र साक्षर माणसाला न वाचता सोडता येत नाहीत.

म्हणून आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत किब्ल्याच्या भिंतीवर, इमामसाहेबांच्या डोक्याच्या जरा वर, लाल आकड्यांचे डिजिटल घड्याळ लागले तेव्हा मी ते मागच्या भिंतीवर न्यावे असे सुचवले. सेकंदही पळताना दिसतात त्यात. एका बुजुर्गांनी विचारले, "मास्तर, नक्षीला तुमची हरकत नाही आणि घड्याळाला आहे?" त्यांना मी दमडी मशिदीचे सांगितले, फकीहांचेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मागं लावलं तर जमात किती वाजता उभी राहायची ते कळणार कसं?"

हेही खरेच होते. शेवटी ते बाजूच्या भिंतीवर, दाराजवळ गेले. पहिल्या सफमध्ये उभे राहिल्यावर आता ते दिसत नाही. जुन्या जागेवर चार खिळ्यांची भोके राहिली आहेत, आणि गेल्या जुम्म्याला माझी नजर त्यांच्यावरच होती.