ब्रह्मचारी (१९३८ चित्रपट)

ब्रह्मचारी हा १९३८ साली प्रदर्शित झालेला, प्रणयप्रधान विनोदी स्वरूपाचा मराठी चित्रपट आहे. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्स या संस्थेने तो मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत निर्मिला. दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे, तर कथा, संवाद व गीते प्रल्हाद केशव अत्रे यांची आहेत. १९६८ सालच्या, शम्मी कपूर यांची भूमिका असलेल्या याच नावाच्या हिंदी चित्रपटाशी त्याचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक व छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली हंस पिक्चर्सची स्थापना केली. वि. स. खांडेकर यांच्या कथेवरील ‘छाया’ (१९३६) या गंभीर चित्रपटानंतर संस्थेने ‘धर्मवीर’ (१९३७) साठी अत्रे यांचे लेखन स्वीकारले. ‘ब्रह्मचारी’ ही अत्रे-विनायक जोडीची त्यानंतरची कृती होय. देशसेवेसाठी ब्रह्मचर्य व व्यायाम आवश्यक असल्याचा उपदेश त्या काळी तरुणांना सर्रास केला जाई. चित्रपटातील उपहासाचा रोख त्याच्या अतिरेकावर आहे.

कथानक

औदुंबर हा चित्रपटतारकांची छायाचित्रे जमविणारा एक सामान्य तरुण असतो. देशभक्त जटाशंकर यांचे व्याख्यान ऐकून तो आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय करतो, आपला छायाचित्रसंग्रह टाकून देतो व आचार्य चंडीराम यांच्या आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. किशोरी ही तरुणी त्याच्या आयुष्यात येताच त्याचे व्रत डळमळू लागते. व्रत व प्रेम यांच्या ओढाताणीतून विनोद निर्माण होतो.

कलाकार

औदुंबरची भूमिका मास्टर विनायक यांनी, तर किशोरीची मीनाक्षी शिरोडकर यांनी केली. दामूअण्णा मालवणकर, साळवी व जावडेकर यांच्याही भूमिका आहेत. मीनाक्षी शिरोडकर यांचा हा पहिलाच चित्रपट होता.

संगीत व वाद

संगीत दादा चांदेकर यांचे आहे. ‘यमुनाजळी खेळू खेळ’ हे गीत मीनाक्षी शिरोडकर यांनी स्वतः गायिले व ते विशेष लोकप्रिय झाले. या गीतप्रसंगात त्या पोहण्याच्या पोशाखात दिसतात. मराठी चित्रपटातील नायिका तोवर बहुधा नऊवारी किंवा पाचवारी साडीत वावरत असे. शिवाय शिरोडकर विवाहित होत्या. त्यामुळे या दृश्यावर टीका झाली, तशीच ते पाहण्यासाठी गर्दीही लोटली. कथेच्या दृष्टीने मात्र हे दृश्य अनाठायी नाही: औदुंबरचा निश्चय ढळतो तो नायिकेच्या अशाच मोकळ्या, निःसंकोच वागण्यामुळे.

प्रभाव

चित्रपटाला मोठे व्यावसायिक यश लाभले. पौराणिक, ऐतिहासिक व संतपटांबरोबरच समकालीन सामाजिक विषयावरील विनोदी चित्रपटालाही प्रेक्षकवर्ग आहे, हे या यशाने दाखवून दिले. अत्रे व विनायक यांनी पुढे ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) व ‘अर्धांगी’ (१९४०) हे विनोदी चित्रपट केले. त्यांतही मीनाक्षी शिरोडकर यांच्या भूमिका होत्या. ‘ब्रह्मचारी’ची कथा कालांतराने त्याच नावाच्या नाटकाच्या रूपाने मराठी रंगभूमीवरही आली. त्यात प्रशांत दामले व वर्षा उसगांवकर यांनी भूमिका केल्या.