पत्री कुणाला आणि कुणासमोर?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय तापला. एका बाईचे तीन हप्ते थकले होते. एक म्हणाली, "तिच्या दारात जाऊन बसू." मागून दुसरी म्हणाली, "लावा पत्री!" सगळ्या हसलो. पण ही पत्री म्हणजे नक्की काय, हे नव्या सुनांना सांगता येईना. म्हणून आज तीच गोष्ट.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. माणसं तिरंगा घेऊन मामलेदार कचेऱ्यांवर चालून गेली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबारात नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळ्या चालल्या. कार्यकर्ते तुरुंगात गेले, उरलेले भूमिगत झाले. पोलीस त्यांच्या मागावर आणि गावात गुंड, दरोडेखोर, खबरे मोकाट. गरिबानं दाद मागायची कुठं?

१९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशी मंडळी त्यात होती. कुंडलला तुफान सेना तयार झाली. गावोगावी न्यायदान मंडळं बसू लागली. बांधाचे वाद, सावकाराचा जाच, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं गाऱ्हाणं, सगळं तिथं यायचं. तारखांवर तारखा नाहीत, वकिलाची फी नाही. कमी खर्चाची लग्नंही लागली.

आणि शिक्षा? बैलाच्या खुराला पत्री मारतात, तसे तळपायावर काठीचे फटके. तीच पत्री. त्यावरून लोक 'पत्री सरकार' म्हणू लागले. काही खबऱ्यांचा, दरोडेखोरांचा जीवही गेला, हेही सांगायला हवं.

या लढ्यात बायका मागं नव्हत्या. नाना पाटलांची लेक हौसाताई तेव्हा सतरा वर्षांची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक साथीदार नवरा बनून तिला मारू लागला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि इकडं बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकरही लहान वयात घर सोडून या कामात आल्या.

आता दीडशे वर्षं मागं, फ्रान्समध्ये जाऊ. तिथंही लोक राजाच्या जुलमाविरुद्ध उठले. १७९३ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला. मग क्रांती वाचवायची म्हणून संशयितांची धरपकड सुरू झाली. साधारण वर्षभरात सुमारे सतरा हजार माणसांना कोर्टाच्या हुकमानं मारलं गेलं. बाईलाही पुरुषाइतके हक्क द्या, असं लिहिणारी ओलिंप द गूज १७९३ च्या नोव्हेंबरात गिलोटिनवर गेली. बायकांची मंडळं त्याआधी काही दिवस बंद केली होती. १७९४ च्या जूनमध्ये कायदा झाला: आरोपीला वकील नाही; निकाल एक तर सुटका, नाही तर मरण. पुढच्याच महिन्यात या राजवटीचा म्होरक्या रोबेस्पिएर स्वतः खटल्याविना गिलोटिनवर चढला.

वकील तिथं नव्हता, तसा आमच्याकडंही नव्हता. मग फरक कुठं पडला? आम्हाला वाटतं, न्याय देणारे गावातलेच होते. उद्या त्यांना त्याच पाणवठ्यावर, त्याच बाजारात तोंड दाखवायचं होतं. बरेचसे तंटे समेटानं मिटले. पत्री खाल्लेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा त्याच गावात नांदला. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात निवडून आलेलं मंत्रिमंडळ आलं आणि भूमिगत मंडळी उघड वावरू लागली. प्रतिसरकार थांबलं. भीतीचं राज्य कायमचं बसलं नाही.

तरी एक गोष्ट मनात खुपते. फटके बसल्यावर खरं उलगडलं, तर ते फटके परत घेता येत नाहीत. म्हणून शिक्षेआधी ऐकून घेणं आलं.

त्या बाईच्या दारात आम्ही बसलो नाही. दोघी तिच्या घरी गेलो. नवरा आजारी, घरात पैसा नव्हता. हप्ता लहान करून दिला. दंड मात्र घेतला, कारण नियम सगळ्यांना एकच. पुढच्या बैठकीला ती आली आणि आपल्या जागेवर बसली.

तुमच्या गटात पुढच्या वेळी कुणी "लावा पत्री" म्हणालं, तर हसा. पण आधी तिला बोलू द्या.