मेस्त्राचा वारसा

मुलांना पियानो शिकविणारा गुरू जवळपास कोण, असे पालक आम्हांस विचारतात. गोव्यात पूर्वी संगीतगुरूचा शोध गावच्या चर्चपाशीच संपे. पॅरिश शाळेतील मेस्त्र मुलांना स्वरलिपी, गायन, व्हायोलिन शिकवीत आणि मिस्सावेळी साऱ्यांना एकत्र बसवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे वडीलही चर्चच्या गायनवृंदाचे संचालक होते. तेच त्यांचे पहिले गुरू. पुढे मुंबईत अँथनींनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. शिष्याने १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गीतातून गुरूचे नाव घरोघरी नेले. नाव उरले, मेस्त्राची शाळा मात्र ओसरली. म्हणून गुरू निवडताना पदवीबरोबर एवढेही विचारू या: ते मुलाला केवळ परीक्षेला बसवितात, की चार जणांत वाजवावयासही?