शूरांची नावे आणि गावाचे कर्तव्य

इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, किल्ले आणि तहनामे उभे राहतात. आम्ही आज त्या उंचीवरून थोडे खाली उतरणार आहोत. लढाईत ज्यांनी पराक्रम केला, ज्यांच्या छातीवर पदक लागले किंवा लागायचे राहिले, अशा साध्या शिपायांचा सन्मान गावाने कसा करावा, हा आमचा विषय आहे. कळमन्यासारख्या ठिकाणी, जिथे दिवस उजाडतो तो बाजाराच्या आवारातील पोत्यांच्या थप्प्यांबरोबर आणि रेल्वेच्या शिट्टीबरोबर, तिथे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या शेजारी कामठी आहे. 1821 साली तिथे इंग्रजांनी छावणी वसवली आणि आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स ह्या रेजिमेंटचे केंद्र तिथेच आहे. दोनशे वर्षे ह्या परिसराने पलटणी जाताना पाहिल्या आणि परत येताना मोजल्या.

प्रथम नागपूरचाच दाखला घेऊ. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ह्या दोन दिवशी सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली. कंपनीच्या बाजूने लढणारे बहुतेक मद्रासी शिपाई होते. भोसल्यांच्या बाजूने अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकून घेतली होती, आणि ती परत घेताना दोन्हीकडचे रक्त सांडले. लढाईचा निकाल काय लागला आणि नागपूरचे राज्य पुढे कोणत्या वाटेने गेले, हे आपण जाणता. आम्हाला सांगायची आहे ती एका पलटणीची गोष्ट.

ह्या लढाईत मद्रासची 24 वी पलटण होती. तिचा मूळ क्रमांक पहिला. 1806 साली वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला, त्याबद्दल शिक्षा म्हणून तो क्रमांक काढून घेण्यात आला आणि उरलेल्यांना 24 वा क्रमांक मिळाला. सीताबर्डीवर ह्या शिपायांनी पराक्रम केला, तेव्हा त्यांनी सरकारकडे मागणे मागितले ते आपला जुना क्रमांक परत मिळावा एवढेच. ते मान्य झाले. वाचकांनी ह्यावर क्षणभर विचार करावा. तुटपुंज्या पगारावर घरापासून शेकडो कोस दूर लढणाऱ्या माणसांना विजयानंतर सर्वांत मोलाचे काय वाटले, तर आपले हिरावलेले नाव. सन्मानाचा पहिला अर्थ ह्या शिपायांनी आपल्याला शिकवला आहे.

आता त्याच लढाईच्या पदकाची गोष्ट ऐका. कंपनी सरकारने ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ नावाचे पदक काढले आणि त्यावर लावायच्या पट्ट्यांपैकी एकीवर सीताबर्डीचे नाव कोरले. हे पदक निघाले 1851 साली, म्हणजे लढाईनंतर चौतीस वर्षांनी. आणि तेही हयात असलेल्यांसाठी. वीस वर्षांचा जो शिपाई त्या टेकडीवर लढला, तो पदक निघाले तेव्हा चौपन्न वर्षांचा झालेला. मधल्या काळात जे गेले, त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही. सन्मानाला उशीर झाला की तो कोणाला गाठतो आणि कोणाला चुकवतो, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

सीताबर्डीनंतर सव्वा महिन्याने, 1 जानेवारी 1818 रोजी, भीमाकाठी कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे आहेत आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार समाजातील शिपाई होते. गावात ज्यांना वेशीबाहेर ठेवले गेले, त्यांची नावे दगडावर इतरांच्या बरोबरीने कोरली गेली. तरीही पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजांनी लढवय्या जातींचे शास्त्र काढले आणि महारांची भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली विलायत सरकारकडे अर्ज केला, त्यात लष्कराची आणि पोलिसांची दारे पुन्हा उघडण्याची मागणी होती. पहिल्या महायुद्धात 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, ती गरज संपताच 1921 साली मोडली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले, त्याच्या मागे हा सारा इतिहास उभा होता. ते स्वतः लष्करातील सुभेदारांचे चिरंजीव. अखेर 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी आपल्या कामठीला. पुढे ह्या रेजिमेंटची भरती सर्वांना खुली झाली. 1987 साली श्रीलंकेत लढताना पडलेले आणि परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ह्याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे होते. ज्या दारासाठी एका समाजाला अर्ज करावे लागले, ते दार उघडल्यावर साऱ्यांसाठी उघडे राहिले, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. हे शिपाई परक्या सरकारच्या निशाणाखाली लढले. त्यांचा गौरव स्वतंत्र देशाने का करावा? आमचे उत्तर असे की, युद्ध कोणत्या हेतूने झाले, त्याचा जाब हुकूम देणाऱ्याला विचारावा. गोळीच्या माऱ्यात जखमी सोबत्याला पाठीवर घेणाऱ्या माणसाचे धैर्य मात्र त्याचे स्वतःचे असते. दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत लिहावेत, म्हणजे घोटाळा होत नाही. साम्राज्याचे गुणगान न करताही शिपायाचे नाव आदराने घेता येते.

ह्या कसोटीवर दोन मराठी शिपाई पाहा. इंग्रजांचा सर्वोच्च ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हिंदी शिपायांना 1911 पर्यंत मिळूच शकत नसे. त्यांच्यासाठी 1837 पासून निराळे पदक होते, म्हणजे शौर्यालाही पंक्तिभेद होता. दुसऱ्या महायुद्धात हा क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे हे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सारे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबाँबने त्यांनी तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरायला सवड नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांशी झुंज दिली. नंतर लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांचे वय 22 वर्षांचे होते. दुसरे अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर त्यांनी पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमींना एकामागून एक बाहेर आणले, आणि मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे बंद केले. शेवटी हाताला जखम झालेली असताना बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करीत त्यांनी मागच्यांना हाका मारल्या. आधी जखमी सोबती, मग शत्रू, हा क्रम आम्हाला फार बोलका वाटतो.

स्वतंत्र भारताने 26 जानेवारी 1950 रोजी आपली पदके निर्माण केली आणि ती 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली. परमवीरचक्राची आकृती रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय. एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या आपल्या झाल्या. हे चक्र जिवंतपणी मिळालेले पहिले वीर म्हणजे कारवारकडचे रामा राघोबा राणे, बाँबे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्त्यात सुरुंग होते, झाडे आडवी पाडलेली होती, बांध उडवून दिलेले होते. 8 एप्रिलला तोफमाऱ्यात राण्यांचे दोन सोबती पडले आणि ते स्वतः जखमी झाले. तरी 11 एप्रिलपर्यंत ते काम करीतच राहिले. सुरुंग काढले, झाडे उडवली, वळणरस्ते खोदले, आणि चिंगसपर्यंतची वाट मोकळी केली. 12 एप्रिलला आपले सैन्य राजौरीत शिरले. राष्ट्राचे सर्वोच्च पदक रस्ता करणाऱ्या माणसाला मिळाले, हे श्रमिकांच्या वस्तीत पुन्हा पुन्हा सांगण्यासारखे आहे. शौर्य म्हणजे केवळ मारणे नव्हे. गोळ्यांच्या वर्षावात कुदळ चालू ठेवणे हेही शौर्यच होय.

ह्या साऱ्या कथांत एक धागा आहे, तो नोंदीचा. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. पण पहिल्या महायुद्धात पडलेल्या हिंदी शिपायांची संख्या सत्तर हजारांच्या वर आहे. राष्ट्रकुलातील युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने 2021 च्या अहवालात मान्य केले की, आशिया आणि आफ्रिकेतील पहिल्या महायुद्धाच्या हजारो मृत शिपायांना गोऱ्यांच्या बरोबरीने नावाची शिला मिळाली नाही, आणि पुष्कळांचे नाव कोठेच नोंदले गेले नाही. त्याच्या उलट, 2019 साली दिल्लीत उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक नावे एकेका विटेवर कोरली आहेत. आणि इटलीतील मोंतोने ह्या गावाने 2023 साली यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे वाक्य त्यावर आहे. परदेशातील एक लहान गाव ऐंशी वर्षांनी मराठी शिपायाची आठवण ठेवते, तर आपण आपल्या आळीतल्याची का ठेवू नये?

नोंदीचे मोल कामगारांना सांगावे लागत नाही. 1969 साली माथाडी कायदा झाला, त्याच्या आधी पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचे नाव कोणाच्याच वहीत नसे. तो आजारी पडला तर दुसरा येई, आणि त्याचे काम जणू झालेच नव्हते. कायद्याने पहिली गोष्ट केली ती नोंदणीची. भविष्यनिर्वाह निधी आणि रजा ही तिच्या मागून आली. शिपायाच्या बाबतीतही तेच खरे. नाव नाही तर निवृत्तिवेतन नाही, पदक नाही, विधवेला आधार नाही आणि मुलांना अभिमान नाही.

म्हणून आमची सूचना हारतुऱ्यांची नाही. हार संध्याकाळपर्यंत सुकतो आणि फलकावरचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. कळमना आणि भोवतालच्या वस्त्यांनी आपल्या शिपायांची वही तयार करावी. तीत पदक मिळालेले असावेत आणि न मिळालेलेही असावेत. प्रत्येकाचे नाव घरचे लोक लिहितात तसे लिहावे. पलटण, लढाई, वर्ष आणि केलेले काम कागदपत्रांवरून ताडून पाहावे, आणि ऐकीव कथा ऐकीव म्हणूनच नोंदवावी. जात आणि धर्म विचारून कोणाचे पान पुढे-मागे करू नये. जे हयात आहेत, त्यांच्याकडे आधी जावे, कारण सीताबर्डीच्या पदकासारखा चौतीस वर्षांचा उशीर आपल्याला परवडणारा नाही. ज्या वीरपत्नीचा निवृत्तिवेतनाचा अर्ज अडला असेल, तिच्याबरोबर दोन माणसांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तो सन्मान सभेतल्या शालीपेक्षा अधिक टिकेल.

ही वही शाळेत आणि वाचनालयात राहावी, आणि दरवर्षी 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, ती उघडून मोठ्याने वाचावी. वाचायला मुले बसवावीत. सीताबर्डीच्या शिपायांनी आपला जुना क्रमांक मागितला होता. आपल्या शिपायांना मागावे लागू नये, एवढी काळजी गावाने घेतली म्हणजे पुरे.